मध्यम नाक

थोरलीला नोकरी लागली ती नाकावर, असं तिचे बाबा सगळ्यांना सांगत सुटले होते. ती नोकरी नव्हती, कॉलेजची इंटर्नशिप होती. पण रंगाऱ्यांच्या टोळीत इंटर्नशिप म्हणजे काय ते समजावत बसण्यापेक्षा नोकरी म्हणून मोकळं होणं सोपं. भिंतीला दुसरा हात मारता मारता ते शेजारच्या शिडीवरच्याला म्हणत, "आमच्या पोरीचं नाक म्हणजे काही विचारू नकोस. कारखान्याच्या धुराड्यातून काय बाहेर पडतंय ते ती खोलीत बसून सांगते."

शिडीवरचा म्हणे, "मग लग्नाला मुलगा बघताना बरं. दारातूनच कळेल, पितो की नाही."

थोरलीने बाबांना खरं काय ते दोन-तीनदा सांगून पाहिलं होतं. तिचं नाक तिखट नव्हतं. तिखट नाकाची तिथे कोणाला गरजच नव्हती. तिची निवड झाली होती ती तिचं नाक अगदी मध्यम होतं म्हणून. पण बापाला लेकीचं काही मध्यम आहे हे ऐकूच येत नाही. ते मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी नव्या शिडीवर तेच सुरू.

पर्यावरणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला कॉलेजचा नियम असा की शेवटची सहामाही बाहेर कुठेतरी काम करायचं आणि तिथल्या प्रमुखाच्या सहीचं प्रमाणपत्र आणायचं, त्याशिवाय पदवी नाही. थोरलीने अर्जात पहिली पसंती लिहिली होती खाडीकाठच्या पाणथळ केंद्राची. तिथे मुलं गुडघाभर चिखलात उभी राहतात, चाळणीत चिखल धुऊन त्यातले किडे, शिंपले मोजतात, भरतीला पाणी कुठवर येतं त्याच्या खुणा करतात. वर्गाची सहल गेली होती तेव्हा बाकीच्या मुली नाक मुरडून बांधावर उभ्या होत्या आणि ही चिखलात एक चप्पल हरवून बसली होती. दुसऱ्या पसंतीची ओळ तिने कोरी ठेवली होती. आई म्हणाली, "रिकामी कशाला सोडतेस? ते बसस्टॉपमागे वासाचं काहीतरी आहे ना, ते लिही. घरून चालत जाशील." लिहिलं, आणि नेमकं तेच मिळालं.

बसस्टॉपमागची ती वास तपासणारी प्रयोगशाळा. आजूबाजूच्या वस्त्यांतून तक्रारी यायच्या, की अमक्या कारखान्याच्या वासाने खिडकी उघडता येत नाही. मग प्रयोगशाळेची माणसं जाऊन तिथली हवा मोठमोठ्या पारदर्शक पिशव्यांत भरून आणायची. वास किती आहे हे सांगणारं यंत्र अजून निघालेलं नाही; ते माणसाच्या नाकालाच सांगावं लागतं. म्हणून तिथे चार नाकं होती. एक शिंपीकाका, दुकान मुलाच्या हवाली करून मोकळे झालेले. एक पाळणाघरवाल्या मावशी. एक ग्रंथपाल, ज्यांचा आवाज त्या खोलीतही पुस्तकालयातल्याइतकाच खाली असायचा. आणि चौथी थोरली.

पहिल्या दिवशी आलेल्या सगळ्या मुलांची नाकं तपासली तेव्हा प्रयोगशाळेच्या मॅडम तिच्या निकालाचा कागद पुन:पुन्हा बघत बसल्या.

"किती दिवसांनी पाहतेय असं," त्या म्हणाल्या. "अगदी मधोमध."

"म्हणजे चांगलं का, मॅडम?"

"चांगलं-वाईट नाही गं. रस्त्याने माणसं जातायत, त्यातल्या बहुतेकांना जेव्हा वास येईल तेव्हाच तुला येतो. आधी नाही, नंतर नाही. आणि रोज तसाच येतो. माझं नाक बघ, फार तिखट. मी खुर्चीवर बसले तर प्रत्येक कारखाना बंद करावा लागेल. मला बसता येत नाही. तुला येतं."

वर्गात मधल्या बाकावर बसणारी, मधले मार्क मिळवणारी, फोटोत मधल्या रांगेत उभी राहणारी पोर ती. तिच्या मध्यमपणावर कोणी इतकं खूश झालेलं तिने जन्मात पाहिलं नव्हतं. पहिले काही दिवस ती हवेतच होती. ज्यांची नाकं जमली नाहीत त्या सोबतच्या मुलांना वरच्या मजल्यावर अहवालांच्या पानांना क्रमांक टाकायला बसवलं होतं. ती सगळी तिचा हेवा करत.

मग हळूहळू हवा उतरली.

ती खोली अशी: भिंती स्टीलच्या, दाराला रबराची कड, खिडकी नाही, आत येणारी हवा कोळशातून गाळलेली. त्या खोलीला कसलाच वास नव्हता. बाहेरच्या माणसाला हे सांगून कळणार नाही, पण कसलाच वास नसलेल्या जागी माणूस बसला की थोड्या वेळाने आपण आहोत की नाही अशी शंका येते. समोर तीन नळ्या. त्यातल्या एकीतून नमुन्याची हवा, इतकी पातळ केलेली की सुरुवातीला काहीच कळू नये. बाकी दोन नळ्यांतून नुसती स्वच्छ हवा. तिन्ही हुंगायच्या आणि वासाची नळी कोणती त्याचं बटण दाबायचं. माहीत नसलं तरी दाबायचंच, अंदाजाने का होईना. मग वास थोडा वाढवायचा, पुन्हा हुंगायचं. हाडांच्या चुऱ्याचा वास, मासळीच्या कुटाचा, सरसाचा, गटाराचा. दिवसभर. बोलायचं नाही, पेंगायचं नाही. शिंपीकाका एकदा हळूच म्हणाले होते, "आयुष्यभर सुईत दोरा ओवला, आता वास ओवतोय."

त्याहून अवघड होतं घर.

खुर्चीवर बसणाऱ्याने आदल्या संध्याकाळपासून कांदा-लसूण खायचा नाही, सेंट लावायचा नाही, वासाचा साबण वापरायचा नाही, असे नियम. ते थोरलीने पाळले असते. पण दोन खोल्यांच्या घरात एकटीने कसले नियम पाळता येतात? कपड्यांना वास धरतो, केसांना धरतो. तेव्हा सगळ्या घरानेच नियम धरले. आई सगळं उकडू लागली. बाबा कामावरून आले की टर्पेंटाइनचे कपडे जिन्यातच काढायचे आणि पंच्यावर घरात शिरायचे. वरच्या मजल्यावरची बाई एकदा जिन्यात समोरासमोर आली तर बाबांनी पंचा सावरत तिला नमस्कार केला, वर म्हणाले, "पोरीचं सरकारी काम आहे." आणि धाकटी, जिला आरशासमोरून उठवायला हात धरावा लागायचा, ती बिनवासाचा पांढरा साबण लावून बुटांच्या दुकानात बिलं फाडायला जाऊ लागली. बाजारातल्या मोठ्या दुकानात सेंटच्या काउंटरवर तिला जागा मिळत होती. ती तिने घेतली नाही. दोघी बहिणी एकाच खोलीत, एकाच पलंगावर झोपत. ती दिवसभर सेंट फवारून आली असती तर ताईचं नाक कामातून गेलं असतं.

"तुझ्या नाकापायी घराचं हॉस्पिटल झालंय," धाकटी म्हणायची. "पेशंट मात्र ठणठणीत."

"सहा महिने गं. मग काय हवं ते लाव."

"मग मी म्हातारी होईन."

चिडून नव्हती म्हणत. पण म्हणायची रोज.

अशात एके दिवशी कॉलेजच्या सरांचा फोन आला. पाणथळ केंद्रातली एक मुलगी आजारपणामुळे घरी परतली होती, जागा रिकामी होती आणि सरांना थोरलीची हरवलेली चप्पल अजून आठवत होती. "तुझे तिथले महिने धरले जातील," ते म्हणाले, "उरलेले इकडे पूर्ण कर. पण तुझ्या मॅडमनी सोडलं पाहिजे. त्या दरवर्षी आपली चार मुलं घेतात, मी त्यांच्याशी वाकडं घेऊ शकत नाही. आणि केंद्रवाले जास्त थांबणार नाहीत. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मला सांग."

थोरली त्याच दुपारी मॅडमच्या टेबलासमोर उभी राहिली. मॅडमनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"चार नाकं नसली तर नमुना तपासता येत नाही, तुला माहितीये," त्या म्हणाल्या. "तू गेलीस की हे दार बंद. खाली पिशव्या पडल्यात. त्या सरसाच्या कारखान्यामागच्या बायका वर्षभर खिडक्या लावून स्वयंपाक करतायत. त्यांना काय सांगू? थांब म्हणू?"

थोरली आली तशी परत जाऊन नळ्यांपुढे बसली.

पण त्या रात्री तिला एक वाट दिसली. दर महिन्याला प्रत्येक नाकाची परीक्षा व्हायची. ब्युटेनॉल नावाच्या एका ठरलेल्या रसायनाचा वास नळ्यांतून सोडायचे आणि नाक अजून ठरलेल्या पट्ट्यात आहे का ते बघायचे. पट्ट्याबाहेर गेलं की नाक बाद. मागच्या इंटर्नचं ॲलर्जीने असंच झालं होतं, आणि त्याला मॅडमनी चांगलं प्रमाणपत्र देऊन, वर चहा पाजून निरोप दिला होता. थोरलीची परीक्षा शुक्रवारी सकाळी होती.

खऱ्या नमुन्याला ती खोटं बोलली नसती. त्या पिशव्यांमागे बंद खिडक्या होत्या. पण ब्युटेनॉलमागे कोण होतं? कोणीच नाही. एका रसायनाशी खोटं बोलायला काय हरकत आहे, असं तिने स्वत:ला पटवलं. गुरुवारी ती घरी सांगून मोकळी झाली, "उद्यापासून माझं नाक सुटणार. काय हवं ते शिजवा." का आणि कसं ते सांगितलं नाही. आईने विचारलंही नाही. ती थेट लसूण सोलायची सुरी शोधू लागली.

शुक्रवारी सकाळी थोरली खुर्चीवर बसली. नळ्यांत वास सोडणाऱ्या मशीनवाल्याने नेहमीसारखं दारातल्या छोट्या काचेपलीकडून बोट वर केलं. पहिल्या फेरीच्या सुरुवातीला वास फार पातळ होता, तरी तिला तो दुसऱ्या नळीत पुसटसा लागला. तिने पहिलीचं बटण दाबलं. पुढच्या वेळी वास तिसरीत होता, तिने दुसरीचं दाबलं. हात शिस्तीत चालला होता. वास वाढत गेला. शेवटी शेवटी तर तो इतका ढळढळीत होता की जिन्यातल्या माणसालाही यावा. तिने तोंडावरची रेष हलू न देता भलतंच बटण दाबलं. अशा दहा-बारा हुंगण्यांच्या तीन फेऱ्या झाल्या. एकही उत्तर तिने चुकून बरोबर दिलं नाही. अभ्यासाला बसतानासुद्धा इतकी काळजी तिने कधी घेतली नव्हती.

सुटायच्या वेळी मॅडमनी बोलावलं तेव्हा कागद त्यांच्यासमोर उपडा ठेवलेला होता.

"सर्दी झालीये?"

"थोडी. वासच येत नाही, मॅडम. काहीच नाही."

"काहीच नाही?"

"अजिबात."

मॅडमनी कागद उलटला. "बस. अगं, ज्याचं नाक पार मेलंय असा माणूस त्या खुर्चीवर बसला, तर तो काय करेल? अंदाजाने बटणं दाबेल. बरोबर? नळ्या तीन. अंदाजाने दाबत गेलं तरी तीनात एकदा बरोबर येतंच. इथे बहिरं नाकसुद्धा दहा-बारा उत्तरं बरोबर देऊन जातं. तुझं एकही नाही." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "प्रत्येक वेळी चुकायचं तर बरोबर कुठलं ते प्रत्येक वेळी माहीत असावं लागतं."

संख्याशास्त्राचा पेपर थोरलीने दिला होता, त्यात मार्कही पडले होते. मधलेच.

"पहिल्या फेरीतला तो सगळ्यात पातळ वास," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात कौतुक होतं हेच वाईट होतं, "तोसुद्धा तू अचूक चुकवलास. तुझं नाक आजइतकं चांगलं कधीच चाललं नव्हतं."

"मॅडम, मी…"

"हे कॉलेजला कळवायचं तर काय लिहावं लागेल, माहितीये ना? जाणूनबुजून खोटी नोंद. मग केंद्र नाही, पदवीही नाही." त्यांनी पेन उचललं आणि कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं, वाचूनही दाखवलं, "सर्दीमुळे चाचणी रद्द. उद्या सकाळी पुन्हा घ्यावी. झालं. मी काही पाहिलं नाही."

मारलं असतं तर थोरलीला उठून जाता आलं असतं. इथे तर तिला वाचवलं होतं.

ती दाराशी पोचली तेव्हा मॅडमनी हाक मारली. "तुला धाकटी बहीण आहे ना गं? सख्ख्या बहिणींची नाकं पुष्कळदा सारखी निघतात. उद्या घेऊन ये तिला. बसली पट्ट्यात, तर तिला कामावर ठेवते, पगारी. आणि तू परवा चिखलात. मी स्वत: सही करते."

घर दहा मिनिटांवर, पण थोरली लांबच्या रस्त्याने गेली. वाटेत तिने धाकटीशी बोलायचं सगळं मनात जुळवलं. बुटांच्या दुकानापेक्षा बरं काम. बसून करायचं. घराजवळ. आणि तसेही नियम तर ती पाळतेच आहे, नवीन काय त्यात? प्रत्येक वाक्य खरं होतं. कोपऱ्यापर्यंत तिने धाकटीचं "हो" सुद्धा ऐकून टाकलं होतं. चिखलाचा गार स्पर्श पायाला लागल्यासारखा वाटत होता.

जिन्यातच तिला कळलं. लसूण तेलात तांबूस होत होता, आणि त्यावर कुठल्याशा फुलांचा गोड वास तरंगत होता. दार सताड उघडं. बाबा कामाच्या कपड्यांतच, कोपरापर्यंत निळे, खुर्चीत पाय पसरून बसले होते.

"आली गं आली, सुटलेली कैदी आली!" बाबा ओरडले. "बघ, आज कपडे न काढता घरात घेतलंय मला."

आई आतून म्हणाली, "काढलेच नाहीत, आता खुर्ची कोण पुसणार?"

धाकटी पलंगावरून उडी मारून आली आणि दोन्ही मनगटं ताईच्या नाकाशी नेली. "ओळख! एकीकडे महागडा, दुसरीकडे स्वस्तातला. ओळख ना, तू तर एक्सपर्ट!"

"हे काय?"

"काउंटरवर लागले मी! दुपारी जाऊन बुटांना रामराम ठोकला. त्या दुकानाच्या बाई म्हणाल्या, जागा अजून आहे, पण आजच्या आज सांग. तू काल म्हणालीस ना नाक सुटणार, मग मी कशाला थांबू? ताई, त्यांच्याकडे साठ-सत्तर बाटल्या आहेत. मी एका दुपारीत वीस ओळखायला शिकले. बाई म्हणाल्या, तुला हे अंगातच आहे."

ती बोलत होती आणि तिचे हात हवेत बाटल्या ठेवत होते, उचलत होते, टोपण लावत होते. महिनोन्‌महिने पांढऱ्या साबणाने धुतलेले ते हात. थोरली बघत राहिली. जुळवलेली सगळी वाक्यं तोंडात होती. एकच सोडायचा अवकाश होता. धाकटी नाही म्हणाली नसती. ताईसाठी तिने आजवर कशालाच नाही म्हटलेलं नव्हतं.

"अगं, अशी उभी काय? ओळख तरी."

"डावा चांगला आहे," थोरली म्हणाली.

"चूक! दोन्ही स्वस्तातले." धाकटी खदखदून हसली. "बरं झालं तुला काढलं ते."

"काढलं नाही." थोरलीने पायातल्या चपला जागेवर ठेवल्या. "उद्या पुन्हा परीक्षा आहे. मी राहतेय तिथेच."

आत उलथन्याचा आवाज थांबला. बाबांनी पाय आखडून घेतले, आणि मग, काही न सांगता, निळे हात अंगापासून लांब धरून ते दाराबाहेर जिन्यात गेले. आईने गॅस बंद केला. धाकटी आपल्या मनगटांकडे बघत होती. बघता बघता ती मोरीकडे वळली आणि तिने नळ सोडला.

"नको धुऊ," थोरली म्हणाली.

"मग मी दुकानात काय सांगू?"

"काय सांगायचंय? उद्या वेळेवर जायचं."

"आणि तू? एका पलंगावर?"

"मी स्वयंपाकघरात झोपेन. दार लावून घेईन, खाली कपडा लावेन. आई संध्याकाळचं लवकर उकडून ठेवेल, म्हणजे रात्री तिथे काही शिजणार नाही."

"त्या स्वयंपाकघरात पाय तरी पसरतील का तुझे?"

"पसरायचे कशाला? झोपायचंय."

"ताई, त्यांना दुसरं नाक नाही का मिळत कुठे?" धाकटीने विचारलं. नळ अजून वाहत होता. "माझं चालेल का? मी एक दिवस येऊन बघू?"

थोरलीने पुढे होऊन नळ बंद केला.

"तुझं चालणार नाही. फार तिखट आहे. मॅडमना मी आधीच विचारलं होतं."

धाकटीने सुटकेचा श्वास टाकला. तो तिने लपवायचा प्रयत्न केला, पण एवढ्याशा मोरीत लपणार कसा?

तेवढ्यात फोन वाजला. सर होते.

"काय झालं? सोडतायत का?"

"नाही, सर."

"अरेरे. मग मी दुसऱ्या मुलाचं नाव देऊ? तो इथेच बसलाय."

स्वयंपाकघरात आई कढई उचलून झाकण ठेवत होती, भांड्यावर भांडं आपटू न देता. जिन्यातून बाबांनी हाक मारली, "कोणी पंचा देता का?"

"द्या, सर," थोरली म्हणाली आणि बाबांना पंचा द्यायला गेली.